काळ्या-पांढऱ्याच्या मधला मुलूख

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या घरात, मग ते पवनीच्या तटाच्या आतले असो, तुमसरच्या बाजारपेठेतले असो की लाखांदुराकडच्या एखाद्या खेड्यातले असो, बैठकीच्या भिंतीवर दिवंगत वडीलधाऱ्यांचे एखादे तरी कृष्णधवल छायाचित्र चंदनाचा हार घालून लावलेले असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी काढलेले हे छायाचित्र आता कडेने पिवळे पडलेले असते, पावसाळ्यातील दमटपणाने त्यावर बुरशीचे ठिपके उमटलेले असतात, म्हणून घरातील तरुण मंडळी ते चौकटीतून काढून फोटो स्टुडिओत नेतात. तेथे त्याची संगणकावर नक्कल होते, आणि दोन-तीन दिवसांत मोठ्या आकाराची, स्वच्छ, डाग नसलेली नवी प्रत हाती येते. ती पाहून घरातली एखादी वयस्क आत्या एवढेच म्हणते, की फोटो चांगला आला आहे, पण आबांसारखा वाटत नाही.

आत्याबाईंचे म्हणणे खरे असते, आणि त्याला सबळ कारणही असते. मूळ छायाचित्रात आबांच्या पांढऱ्या धोतराला निऱ्या होत्या आणि निऱ्यांच्या पोटात फिकट राखी सावली होती. नव्या प्रतीत तेथे कोरा कागद उरला आहे. मूळ छायाचित्रात काळ्या कोटाला गळपट्टी होती, गुंड्या होत्या, कोपराजवळ बाहीला चुण्या होत्या. नव्या प्रतीत तेथे काळ्या शाईचा एक सलग डाग आहे. आणि मुख्य म्हणजे कपाळावरच्या उजेडाकडून कानशिलावरच्या सावलीकडे जाताना चेहऱ्याची जी गोलाई क्रमाक्रमाने उमगत असे, ती दोन-तीन पट्ट्यांत तुटून चेहरा सपाट झाला आहे. कृष्णधवल छायाचित्रात रंग नसतात, म्हणून आकाराचा, पोताचा, अंतराचा आणि वयाचा सारा वृत्तांत छटांनाच सांगावा लागतो. त्या छटांचा क्रम बिघडला की ओळखीचा चेहराही परका वाटू लागतो.

हा दोष संगणकाचा आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती मला मान्य नाही. आजचा चांगला इंकजेट प्रिंटर, त्याला साजेशी शाई आणि साजेसा कागद मिळाला तर, जुन्या अंधारखोलीतील कसबी कारागिराच्या तोडीची कृष्णधवल प्रत देऊ शकतो. परंतु अंधारखोलीतील तो कारागीर छटांचा जो हिशेब मनाशी बाळगीत असे, तो आता कोणी ठेवायचा, याचा निवाडाच झालेला नाही. छायाचित्रकाराला वाटते की तो लॅब ठेवील, लॅबला वाटते की यंत्र ठेवील, आणि यंत्र तर दिलेल्या हुकमापलीकडे काहीच जाणत नाही. पुढील विवेचनाचा सारा रोख हा हिशेब पुन्हा माणसाच्या हाती यावा, एवढाच आहे.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या आरंभीच्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणण्यापूर्वी छायाचित्रणाच्या आणि छपाईच्या धंद्यात मुरलेले होते. हाफटोन ब्लॉकवर लहानमोठ्या ठिपक्यांनी राखी छटांचा आभास कसा निर्माण करावा, हे कसब त्यांनी चित्रपटाआधी आत्मसात केले होते. तिकडे इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये प्रकाश आणि काळेपणा यांचा संबंध एका वक्ररेषेने दाखवून छटांच्या ज्ञानाला गणिताचा पाया दिला, आणि १९४० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी निबिड काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्यांची पद्धत सिद्ध केली, जिच्या मधोमध, पाचव्या पायरीवर, पडलेल्या प्रकाशापैकी अठरा टक्के परत देणारी राखी छटा बसते. साधने बदलली तरी ही पायऱ्यांची भाषा आजही तितकीच उपयोगाची आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पवनीचे उदाहरण पुरेसे आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, आणि जगन्नाथ टेकडी व चांदकापूर येथील प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तेथील शिल्पांवरील उठाव आणि ब्राह्मी लिपीतील अक्षरे कित्येक ठिकाणी इतकी उथळ आहेत, की तिरप्या उन्हाची सावली त्यांच्या कडेला पडली तरच ती डोळ्यांना दिसावीत. अशा दगडाच्या कृष्णधवल छायाचित्रात अक्षर म्हणजे वस्तुतः दोन शेजारच्या राखी छटांमधला अल्पसा फरक असतो. छपाईत तो फरक बुजला, तर अक्षर बुजले. आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तो पुरावाच नाहीसा झाला. छटांची निगा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे, तो यासाठी.

आता दोषाच्या मुळाकडे वळू. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र आपल्यावर पडलेला प्रकाश परत करतो. या एका भेदातून बहुतेक साऱ्या अडचणी उद्भवतात. संगणकाच्या साधारण पडद्यावर सर्वांत उजळ पांढरा हा सर्वांत गडद काळ्याच्या सुमारे हजारपट तेजस्वी असू शकतो. उत्तम चकचकीत कागदावर हे प्रमाण दीडशे ते दोनशे पटींच्या घरात येते, आणि मॅट म्हणजे निस्तेज पृष्ठाच्या कागदावर ते चाळीस-पन्नास पटींवर येऊन थांबते. दहा पायल्यांचे धान दोन पायल्यांच्या कोठीत भरायचे असेल तर काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. न ठरवता ओतले तर ते सांडते, आणि कोठे सांडेल ते आपल्या हाती राहत नाही. छायाचित्रात ते सांडते दोन्ही टोकांना, म्हणजे कोटाच्या काळ्यात आणि धोतराच्या पांढऱ्यात.

यावर पहिला इलाज पडद्याचा उजेड आवरणे हा आहे. दुकानातील पडदे बहुधा गिऱ्हाइकाला लखलखीत दिसावेत म्हणून पूर्ण तेजावर ठेवलेले असतात. अशा पडद्यावर छायाचित्रकार प्रतिमा डोळ्यांना सुखावेल इतकी गडद करतो, आणि तीच कागदावर उतरली की ‘प्रिंट काळी आली’ ही नेहमीची तक्रार उभी राहते. छपाईचे काम करणाऱ्याने पडद्याचे तेज दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला इतके राखावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. त्यासाठी पडद्यावर टेकवून मोजणारे छोटे उपकरण मिळते. ते नसेल तर एक साधी खातरजमा करता येते: कोरा पांढरा कागद खोलीच्या उजेडात पडद्याशेजारी धरावा, पडद्यावरही कोरे पांढरे पान उघडावे, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत पडद्याचे तेज उतरवावे. खोलीत थेट ऊन येऊ नये आणि भिंती भडक रंगाच्या नसाव्यात, कारण शेजारचा रंग राखी छटेच्या पारखीत ढवळाढवळ करतो.

दुसरी अडचण कॅमेऱ्यातच जन्म घेते. बारा बिटांचा कॅमेरा उजेडाच्या ४०९६ पायऱ्या मोजतो, पण त्या पायऱ्या साऱ्या छटांत समान वाटल्या जात नाहीत. सर्वांत उजळ स्टॉपच्या, म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतच्या टप्प्याच्या, वाट्याला त्यांपैकी २०४८ पायऱ्या जातात, त्याखालच्याला १०२४, त्याखालच्याला ५१२, आणि असे उतरत उतरत सहाव्या स्टॉपला, म्हणजे जेथे काळा कोट, केसांचा अंबाडा आणि माजघरातला अंधार राहतो तेथे, अवघ्या ६४ उरतात. म्हणून मुळात अंधारे काढलेले छायाचित्र मागाहून उजळवले की सावल्यांत खरखर दिसू लागते आणि सलग छटेच्या जागी पट्टे पडतात. उजळ भाग कोरे होणार नाहीत इतपत उजेड घेऊन चित्र काढावे, ते कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपात साठवावे, आणि त्यावरील सारे संस्कार सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या ऐसपैस हिशेबात, करावेत. आठ बिटांच्या जेपेगमध्ये केवळ २५६ पायऱ्या असतात. शेवटची प्रत लॅबला देण्यासाठी त्या पुरतात, पण त्यांच्यावरच वारंवार ताणाताण केली तर छटांच्या साखळीतील कड्या गळू लागतात, आणि आकाशाच्या किंवा गालाच्या संथ उतारावर त्या गळतीच्या खुणा ठळक दिसतात.

तिसरा प्रश्न रंगांना राखाडी करण्याचा. संगणकाला नुसते ‘रंग काढून टाक’ म्हटले, तर तो डोळ्याला उजळ भासणाऱ्या हिरव्याला जास्त, लाल रंगाला त्याहून कमी आणि निळ्याला सर्वांत कमी वजन देऊन बेरीज करतो. दूरचित्रवाणीच्या काळापासून चालत आलेल्या सूत्रात ही वजने अनुक्रमे ५९, ३० आणि ११ टक्के आहेत. त्यामुळे धानाच्या हिरव्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईचे लाल लुगडे, जे डोळ्याला लांबून उठून दिसते, ते कृष्णधवलात हिरव्या रोपांच्याच छटेला जाऊन मिळण्याचा संभव असतो. येथे लाल रंग किती उजळ आणि हिरवा किती गडद ठेवायचा, याची तजवीज माणसानेच करायची असते, आणि आजच्या साधनांत ती सहज होते. आमच्या आज्या-पणज्यांच्या छायाचित्रांत कुंकू जवळजवळ काळे दिसते, त्याचेही कारण हेच आहे: त्या काळच्या पुष्कळशा काचा आणि फिल्म्स यांना लाल रंग जाणवतच नसे. मात्र ही तजवीज बेताने करावी. निळे आकाश अति गडद करू पाहणाऱ्याला त्या आकाशात डाग आणि झाडांच्या कडेला पांढरी रेघ हमखास दिसते.

पांढऱ्या टोकाचा विचार करताना भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांसारखा उत्तम धडा नाही. घासूनपुसून लख्ख केलेल्या घागरीच्या खांद्यावर खिडकीची जी तिरीप चमकते, ती कोऱ्या कागदाइतकी पांढरी असली तरी चालते, किंबहुना तशी असली तरच धातू धातूसारखा दिसतो. कारण ती चकाकी हे उजेडाच्या उगमाचेच प्रतिबिंब असून तिच्यात दाखवण्याजोगे काही नसते. परंतु त्याच घागरीशेजारी बसलेल्या कारागिराच्या पांढऱ्या सदऱ्याला पोत असतो, शिवण असते, घडी असते. तो सदरा जर चकाकीइतकाच कोरा झाला, तर ते नुकसान कोणत्याही उपायाने भरून येणार नाही. म्हणून छपाईपूर्वी २५६ पायऱ्यांच्या मापात सदऱ्याची उजळ छटा साधारण २४० च्या आसपास आणि फार तर २४५ पर्यंत राखावी, आणि २५५ चा पूर्ण पांढरा केवळ खऱ्या चकाकीसाठी सोडावा. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या कापडालाही हाच नियम लागू आहे; कोशाची झळाळी आणि त्याचे विणकाम ही दोन्ही एकाच वेळी दिसायची, तर उजळ छटांमध्ये पुरेसे अंतर हवे.

काळ्या टोकाला याचाच उलट प्रकार घडतो. छायाचित्रात शून्य ते दहा-पंधरा पायऱ्यांमध्ये जे काही आहे ते पडद्यावर कष्टाने का होईना दिसते, पण मॅट कागदावर शाई थोडी पसरते आणि त्या साऱ्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. वृत्तपत्राच्या छपाईत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होतो. तेथे निम्मा भाग व्यापण्यासाठी टाकलेला ठिपका पसरून सत्तर टक्के भाग व्यापू शकतो, म्हणून वर्तमानपत्रासाठी द्यायचे चित्र मधल्या छटांत मुद्दाम उजळ करावे लागते. कागदाचा प्रकार प्रिंटरला अचूक सांगणे याच कारणाने अत्यावश्यक ठरते. मॅट कागदासाठी वेगळी काळी शाई आणि चकचकीत कागदासाठी वेगळी काळी शाई असते, आणि शाईचे प्रमाणही निराळे असते. चकचकीत कागदाचा हुकूम देऊन मॅट कागद घातला तर काळा करडा पडतो किंवा सावल्यांत शाई थिजून डबकी साचतात. प्रत्येक कागदासाठी त्याचा स्वतःचा प्रोफाइल, म्हणजे कोणती छटा कोणत्या शाईप्रमाणाने उमटते याचा तक्ता, वापरावा. १९९३ साली उद्योगातील प्रमुख कंपन्यांनी मिळून यासाठी सर्वमान्य संकेत ठरवण्याचे काम हाती घेतले, आणि आज चांगल्या कागदाचे उत्पादक हे तक्ते विनामूल्य देतात.

आणखी एक व्याधी अशी, की राखी छटा राखी राहतच नाही. साध्या रंगीत प्रिंटरात राखी छटा निळसर, जांभळट आणि पिवळ्या शायांच्या मिश्रणातून साधलेली असते. तोल अणुमात्र ढळला की आबांच्या केसांना हिरवट किंवा गुलाबी झाक येते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की दिवसा खिडकीपाशी निर्दोष वाटलेली प्रत रात्री ट्यूबलाइटखाली हिरवट दिसू शकते, कारण दोन दिव्यांचा प्रकाश निरनिराळ्या रंगांचा बनलेला असतो आणि मिश्र शायांना तो भेद लगेच बाधतो. यावरचा खरा उपाय म्हणजे राखी छटा राखी शाईनेच छापणे. एप्सन कंपनीने २००५ मध्ये काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शायांचा संच आणला, इतर कंपन्यांनीही राखी शाया आणल्या, आणि अशा प्रिंटरांत कृष्णधवलासाठी स्वतंत्र पद्धत दिलेली असते, जिच्यात रंगीत शाया नाममात्र वापरल्या जातात. मोठी प्रत काढायची असेल तर असा प्रिंटर असलेला छापखाना शोधण्याचे श्रम घ्यावेत. भंडाऱ्याहून नागपूर काही लांब नाही.

परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य छायाचित्रे इंकजेटवर छापली जात नाहीत. ती रंगीत लॅबमध्ये जातात. तेथील यंत्र लेझरच्या प्रकाशाने रंगीत फोटो-कागदावर चित्र उमटवते आणि तो कागद रसायनांत धुतला जातो. राखी छटा तेथेही तीन रंगद्रव्यांच्या तोलावरच अवलंबून असते. शिवाय या यंत्रांत प्रत्येक चित्र आपोआप सुधारण्याची सोय असते. काळ्या कोटातील माणूस पाहून यंत्राला चित्र अंधारे वाटते आणि ते त्याला उजळवते. पांढऱ्या साड्यांतील महिला मंडळ पाहून त्याला चित्र अति उजळ वाटते आणि ते त्याला काळवंडते. म्हणून लॅबला चित्र देताना ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा, फाइल आहे तशीच छापा’ असे स्पष्ट लिहून द्यावे, आणि मोठ्या प्रतीआधी त्याच कागदावर छोटी प्रत मागून घ्यावी. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर छटांची अपेक्षा मर्यादितच ठेवावी. दुरून पाहण्यासाठी केलेल्या त्या जाड छपाईत सूक्ष्म छटा टिकत नाहीत, म्हणून फ्लेक्ससाठी केलेली फाइलच पुढे घरातील चौकटीसाठी वापरण्याचा प्रघात बंद झाला पाहिजे.

आता या सर्व उपायांचा राजा म्हणता येईल असा एक उपाय, जो स्वस्त आहे, सोपा आहे, आणि तरीही क्वचितच योजला जातो. कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने एकवीस चौकोनांची एक पट्टी तयार करावी आणि ज्या कागदावर, ज्या प्रिंटरवर आणि ज्या हुकमाने चित्र छापायचे आहे त्याच कागदावर, त्याच प्रिंटरवर आणि त्याच हुकमाने ती छापावी. छापून लगेच पाहू नये. शाई पुरती सुकू द्यावी, कारण ओल्या आणि सुकलेल्या छटांत फरक पडतो, आणि वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भागात श्रावणातील हवा शाईला सहजासहजी सुकू देत नाही. दुसऱ्या दिवशी ती पट्टी खिडकीच्या सावलीतल्या उजेडात धरून पाहावी. पाच टक्क्यांचा चौकोन कोऱ्या कागदापासून वेगळा ओळखू येतो का? नव्वद, पंच्याण्णव आणि शंभर टक्क्यांचे तीन चौकोन तीनच दिसतात का, की त्यांचा एक झाला आहे? मधले चौकोन सारख्या पावलांनी गडद होत जातात, की कोठे एखादी उडी पडते? कोठे रंगाची झाक येते का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की त्या यंत्राचा आणि कागदाचा स्वभाव कळला.

समजा शेवटचे दोन चौकोन मिसळून गेले आहेत. याचा अर्थ असा, की त्या कागदावर पंच्याण्णव टक्क्यांपलीकडचा काळा हा एकच काळा आहे, आणि कोटाची गळपट्टी, गुंड्या व चुण्या दाखवायच्या असतील तर त्यांना त्या सीमेच्या अलीकडे आणून बसवले पाहिजे. हे काम संपादनाच्या साधनातील वक्ररेषेने होते: काळ्या टोकाजवळची रेषा किंचित उचलावी, मधली छटा जागेवर राहील असे पाहावे, आणि गळपट्टीचा भाग तेवढा छोट्या आकारात पुन्हा छापून पाहावा. मधले चौकोन अपेक्षेपेक्षा सरसकट गडद वाटले, तर फाइलवर एका मापाचा शिक्का आणि छपाईला दुसरे माप, असा घोटाळा झालेला असण्याचा संभव मोठा. राखी चित्रांसाठी गॅमा २.२ आणि डॉट गेन (ठिपक्याचे पसरणे) २० टक्के अशी दोन मापे प्रचलित आहेत, आणि एकाची फाइल दुसऱ्याच्या मापाने वाचली गेली की मधल्या छटा सरकतात. अंधारखोलीतले जुने कारागीर मोठा कागद वाया घालवण्यापूर्वी चिंचोळ्या तुकड्यावर उजेडाची परीक्षा घेत. ही एकवीस चौकोनांची पट्टी त्याच शिस्तीची वारसदार आहे. चित्र ज्या भिंतीवर लागणार तेथील उजेडही लक्षात घ्यावा. माजघराच्या मंद उजेडातील प्रत ओसरीवरल्या प्रतीपेक्षा थोडी उजळ हवी.

जुन्या छायाचित्राची नक्कल करताना या साऱ्याच्या जोडीला आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. मूळ चित्र चौकटीच्या काचेला चिकटले असेल तर ते ओढून काढू नये, कारण चित्राचा जिलेटिनचा थर काचेबरोबर निघून येतो; अशा वेळी काचेवरूनच छायाचित्र घ्यावे. मोबाइलने नक्कल करताना फ्लॅश वापरू नये. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब चित्राच्या काळ्या भागावर पडले तर काळा फिका होतो, आणि तो दोष नंतर निघत नाही. शक्य असेल तेथे स्कॅनरवरच नक्कल घ्यावी, आणि मूळ चित्र कृष्णधवल असले तरी ती रंगीत घ्यावी. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. पिवळा डाग हा निळा प्रकाश शोषतो आणि लाल प्रकाश परत देतो, त्यामुळे रंगीत नकलेच्या तीन थरांपैकी निळ्या थरात तो डाग ठसठशीत असतो आणि लाल थरात जवळजवळ दिसेनासा होतो; डागाळलेल्या चित्रासाठी म्हणून लाल थर घ्यावा. उलट सबंध प्रतिमाच विटून तपकिरी-पिवळी झाली असेल, तर उरलासुरला छटाभेद निळ्या थरातच अधिक सापडतो. तेथे निळा थर घ्यावा. नक्कल सुरुवातीलाच राखी घेतली तर निवड करण्याची ही सोय कायमची जाते.

एका गोष्टीबद्दल मात्र सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. जुने छायाचित्र क्षणार्धात नवे करून देणारी साधने आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. ती छटा दुरुस्त करीत नाहीत. जेथे छटा उरलेली नाही तेथे ती दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून शिकलेली छटा भरतात. त्या चित्रात डोळ्यांना तेज येते, कातडी तुकतुकीत होते, पण ते तेज आणि ती कातडी आपल्या माणसाची असतेच असे नाही. कौतुकासाठी कोणी तसे चित्र करून घेतले तर हरकत नाही. परंतु घरातील मूळ दस्तऐवजाच्या जागी ते लावू नये, आणि मूळ चित्र नवी प्रत आली म्हणून टाकून तर मुळीच देऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली ज्या पोटनिवडणुकीस उभे होते ती भंडाऱ्याची पोटनिवडणूक ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, ज्यांनी मालगुजारी तलावांचा जुना काळ आणि एकत्र भंडारा-गोंदिया जिल्ह्याचा जमाना अनुभवला, त्या पिढीचे चेहरे या रुपेरी कागदांवरच आहेत. १९९९ मध्ये जिल्ह्याची विभागणी झाली, सरकारी दप्तरे वाटली गेली, पण घरोघरीच्या या दप्तराची मोजदाद कोणी केलेली नाही आणि त्याची दुसरी प्रतही कोठे नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी आजोबा-आजींचे छायाचित्र मोठे करून घ्याल, तेव्हा स्टुडिओवाल्याला चार गोष्टी आवर्जून सांगा: नक्कल स्कॅनरवर, रंगीत आणि सोळा बिटांत घ्या, यंत्राची आपोआप सुधारणा बंद ठेवा, मोठ्या प्रतीआधी त्याच कागदावर राखी पट्टी आणि छोटी प्रत दाखवा, आणि मूळ चित्र जसेच्या तसे परत द्या. या कामासाठी तो चार पैसे जास्त मागेल, ते खुशीने द्या, कारण ते पैसे कागद-शाईचे नसून त्याच्या नजरेचे आणि वेळेचे आहेत. प्रत हाती आल्यावर आधी चेहरा पाहू नका. आधी धोतराच्या निऱ्या आणि कोटाच्या गुंड्या शोधा. त्या दोन्ही दिसत असतील तर चेहऱ्याच्या छटाही बहुधा शाबूत असतील. नवी प्रत भिंतीवर लावताना चित्र काचेला टेकणार नाही अशी पुठ्ठ्याची चौकट मध्ये घाला, आणि मूळ छायाचित्र कोरड्या दिवसांत, आम्लरहित कागदात गुंडाळून, लोखंडी कपाटात जमिनीपासून उंच ठेवा.